ऊन पाडून मासा वाढत नाही

आमच्या गावच्या ग्रुपवरचा एक मेसेज मामापर्यंत पोचला. त्यात म्हटलंय: मासा थंड रक्ताचा, त्याला उष्णता बाधत नाही, अमेरिकेतला सॅमन धरणांमुळे मेला, गरम पाण्याने नव्हे, आपले मासे तर चिखलातही जगतात, तेव्हा नदीकाठची झाडी साफ करा, पाण्यावर ऊन पडू द्या, मासा झपाट्याने वाढेल. मामाने लगेच काठावरचे करंज आणि जांभळी तोडायला माणूस सांगून ठेवला! म्हणून हे लिहायला बसलो.

आधी झाडांचं, कारण नुकसान तिथे आहे. कोकणातल्या नद्या आखूड. पावसाळा सरला की धार बारीक होत जाते आणि एप्रिल-मेमध्ये मासा उरतो तो डोहांत. त्या उथळ पाण्यावर भर दुपारी सावली असते ती काठच्या करंजाची, उंबराची, वाळुंजाची. ती काढलीत की पाणी थेट तापणार. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. उलट पाणी १० अंशांनी तापलं की माशाची प्राणवायूची गरज जवळपास दुपटीवर जाते. अशा डोहाकडे पहाटे जाऊन बघा. मासे तोंड वर काढून असतात, कल्ले भराभर हलत असतात. शिवाय उंबर-जांभळं पाण्यात पडतात, पानांवरचे किडे पडतात, ते माशांचं खाणं. मुळं सुटली की पहिल्या पावसात दरड डोहात येते ती वेगळीच. उन्हाने मासा वाढतो म्हणे! काही मर्यादेपर्यंत कोमट पाण्यात वाढ जलद होते, तळ्यात रोहू-कटला पाळणाऱ्यांना ते माहीत आहे. पण ती मर्यादा मेसेजवाल्याने सांगितलेली नाही.

थंड रक्ताचं तर उलटंच आहे. आपल्याला घाम येतो. माशाचं अंग पाण्याइतकंच तापतं, त्याला सुटका नाही.

सॅमनबद्दल सांगतो. २०१५ च्या उन्हाळ्यात कोलंबिया नदीत अंडी घालायला वर चढणारे सुमारे अडीच लाख सॉकाय सॅमन मेले. पाणी २१ अंशांच्या वर गेलं होतं. आपल्याला ते गारच वाटेल, त्या माशाला ते जीवघेणं. धरणांचा हात त्यात होता, हे मान्य. पण अडवलेलं पाणी जास्त तापतं, म्हणजे मारलं ते उष्णतेनेच.

राहिला चिखल. मरळ जगते, खरं आहे, कारण ती वर येऊन हवा घेते. खडसाला, म्हणजे महसीर माशाला, ते जमत नाही, त्याला वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात लोकांनी देवाच्या नावाने तो राखलाय, तिथे जाऊन मरळीची गोष्ट सांगा.

कोकणात ट्राउटसारखा थंड पाण्याचा मासा नाही, म्हणून आपल्याला धोका नाही असंही कुणी म्हणेल. २०२० साली ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या अभ्यासात गोड्या आणि खाऱ्या पाण्यातल्या ६९४ जाती तपासल्या होत्या. उष्णता सगळ्यात कमी सोसते ती अंड्यातल्या जिवाला आणि अंडी घालायला निघालेल्या माशाला, असं त्यात निघालं. आपल्याकडे वलगणीला, म्हणजे पहिल्या पावसात अंडी घालायला, वर चढणारी मादी मे महिन्यात त्याच डोहात पोटात अंडी घेऊन असते. मामा, त्या माणसाला आजच फोन करून नको म्हणून सांग.