पार्सल फोडायला चाळीस हजार

रोजच्या कामाला खिशात एखादा बरा चाकू असावा, असं तुमच्या मनात आलं असेल तर मनापासून अभिनंदन. हा विचार डोक्यात येणं आणि खात्यातून चाळीस हजार जाणं यांत साधारण तीन आठवडे जातात. ते तीन आठवडे आणि त्यानंतरचं उरलेलं आयुष्य कसं काढावं, एवढंच मी सांगणार आहे. अनुभवाचे बोल आहेत, फी घेत नाही.

पहिल्या आठवड्यात तुम्हाला ओपिनेल दिसेल. फ्रान्समधल्या आल्प्सच्या कुशीत, साव्वा प्रांतात, जोसेफ ओपिनेल नावाच्या माणसाने १८९० मध्ये हा चाकू केला. लाकडी मूठ, एक पातं, आणि १९५५ पासून पातं अडकवून ठेवणारी एक फिरती कडी. संपला चाकू. तिथले शेतकरी आणि गुराखी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ त्यावर पाव, चीज आणि काटक्या कापताहेत. दहा-पंधरा युरोंचा माल. त्यातलं साधं कार्बन पोलादाचं पातं आंबट लागलं की काळवंडतं, आणि हौशी मंडळी व्हिनेगर नाहीतर मोहरीचं चाटण फासून ते मुद्दाम काळवंडून घेतात. त्याला 'पटिना' म्हणायचं आणि फोटो काढायचा. आमच्या आजीच्या विळीवर ही पटिना दर चैत्रात कैरीच्या फोडींनी फुकट येत असे. आजी ती राखेने घासून काढी. अडाणी बाई!

ओपिनेलवर तुमचं सगळं भागेल. म्हणूनच तिथे थांबू नका.

दुसऱ्या आठवड्यात लाल मुठीचा स्विस चाकू. हा धोकादायक आहे, कारण त्याचा इतिहास वाचला की माणूस शुद्धीवर येऊ शकतो. कार्ल एल्सनरने १८८४ मध्ये कारखाना काढला आणि १८९१ मध्ये स्विस सैन्याला शिपायांचे चाकू द्यायला सुरुवात केली. त्यात पात्याखेरीज एक डबे फोडायचं हत्यार होतं, एक टोचा होता आणि एक स्क्रू-ड्रायव्हर होता. का? तर शिपायाला डबाबंद अन्न खायचं असे आणि नवी रायफल साफ करायला खोलायची असे. म्हणजे आधी काम ठरलं, मग त्याला लागेल तेवढा चाकू झाला. किती मागासलेली पद्धत! आपण आधी चाकू घेतो. काम नंतर शोधतो.

तिसऱ्या आठवड्यात तुम्ही सेबेंझा नावाच्या चाकूपाशी पोचता आणि तुमचा प्रवास पूर्ण होतो. तो करणारे ख्रिस रीव्ह हे मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, नंतर अमेरिकेत आयडाहो राज्यात जाऊन त्यांनी कारखाना काढला. टायटॅनियमची मूठ. त्या मुठीचाच एक पट्टा असा कापलेला की पातं उघडलं की तो आपसूक पात्याच्या बुडाशी येऊन बसतो आणि पातं मिटू देत नाही. किंमत चारशे डॉलरच्या वर, पुढे भाडं आणि कस्टम्स. आणि नाव? झुलू भाषेत सेबेंझा म्हणजे काम. तुमच्या खिशातल्या चाळीस हजारांचं नावच 'काम' आहे. त्याच्याही आधी, १९८१ मध्ये, स्पायडर्को कंपनीने खिशाला अडकवायची क्लिप असलेला चाकू काढला, त्याचं नाव 'वर्कर'. या महागड्या चाकूंची नावं एका दमात वाचली तर एक मेची सभा भरल्यासारखं वाटतं.

आता पोलादाचा अभ्यास. यावाचून गत्यंतर नाही, कारण चाकू कुणाला दाखवला की पहिला प्रश्न 'केवढ्याला?' असा येतो आणि तो टाळायला दुसरा विषय तयार लागतो. एस३५व्हीएन हे नाव पाठ करा. कार्बन १.४ टक्के, क्रोमियम १४, व्हॅनेडियम ३. वितळलेल्या पोलादाचा वायूच्या झोताने फवारा उडवून त्याची भुकटी करतात आणि मग प्रचंड दाब आणि उष्णता देऊन ती पुन्हा एकजीव करतात. कशासाठी, तर आतले कठीण कार्बाइडचे कण बारीक राहावेत आणि सगळीकडे सारखे पसरावेत. पिठात मीठ नीट कालवलं नाही की भाकरी एका घासाला खारट आणि दुसऱ्याला अळणी लागते, तसंच हे. हे सगळं मी एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या गृहस्थांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग सफरचंद लवकर कापलं जातं का?"

नाही. पातं जाड असल्यामुळे सफरचंद कापलं जात नाही, फुटतं. पण हा मुद्दा तिथे काढू नये.

चाकू घरी आला. आता काम हवं. तुमचा व्यवसाय काय? संगणकासमोर बसणं. त्यात कापण्यासारखं काही नसतं. मीटिंग असते, पण तिला पातं लागत नाही. तेव्हा पार्सलं मागवायला लागा. मी मागवली. पहिलं आलं त्या दिवशी खोक्यासमोर मांडी घातली, चाकू खिशातून काढला, अंगठ्याने उघडला. तो 'टक' असा आवाज येतो ना, त्यातच तीस हजार असतात. धार चिकटपट्टीवर टेकवली, नुसती ओढली, आणि पट्टी अशी उकलली जशी तिची आधीपासूनच इच्छा होती. मग बघतो तर पात्याला पट्टीचा गोंद. राखाडी, चिकट, त्यात खोक्याचा भुसा. एवढ्या महाग पात्यावर! मऊ फडकं आणलं, स्पिरिट आणलं, गोंद काढला, बिजागरीत तेलाचा एक थेंब सोडला, पातं मिटलं, उजेडासमोर धरून ते मुठीच्या दोन पट्ट्यांच्या बरोब्बर मधोमध बसतंय ना ते पाहिलं. मुलीची पत्रिका जुळवताना कुणी एवढं बघत नसेल. पंचवीस मिनिटं गेली. तेवढ्यात बायकोने बाकीची तीन पार्सलं कपाटाच्या चावीने फोडून, खोकी रद्दीत टाकून, वरणाला फोडणीसुद्धा दिली होती.

कुणीतरी तुम्हाला त्या वेळी स्टेशनरीच्या दुकानातल्या कटरची आठवण करून देईल. तीस-चाळीस रुपयांचा, पिवळा, बोथट झाला की टोक मोडायचं आणि पातं पुढे सरकवायचं. त्या माणसाशी वाद घालू नका, तो हरणार नाही. हा कटर ओसाकातल्या योशिओ ओकादा यांनी १९५६ मध्ये शोधून काढला. चॉकलेटच्या मोडता येणाऱ्या वड्या आणि फुटलेल्या काचेची धारदार कड पाहून त्यांना ते सुचलं असं सांगतात. ओकादा छापखान्यात दिवसभर कागद कापत असत. म्हणजे इथेही काम आधी, अवजार नंतर. या लोकांना शिस्त म्हणून नाहीच.

धार तपासत राहणं हे मात्र खरं रोजचं काम, आणि ते मनापासून करता येतं. आधी वर्तमानपत्राचा कागद उभा धरून सरकन कापायचा. मग डाव्या हातावरचे केस. माझ्या डाव्या मनगटावर दोन वर्षांत पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा तुळतुळीत झाली आहे. फॅमिली डॉक्टरांनी ती पाहून कुठलं औषध चालू आहे का असं विचारलं. बाकी दोन वर्षांचा माझ्या चाकूचा हिशेब असा: अकरा पार्सलं, एक सफरचंद, एका नव्या शर्टाचं लेबल (त्याबरोबर थोडा शर्टही), आणि हे केस.

धार गेली तर? जात नाही, कारण वापरच नाही. पण समजा गेली, तर गल्लीत सायकल स्टँडवर लावून पॅडल मारत चाक फिरवणारा धारवाला येतो, त्याच्याकडे देऊ नका. त्याने घरची विळी, सुऱ्या, शेजारच्या शिंपीणबाईंची कात्री असं सगळं आयुष्यभर पाजवलेलं असतं आणि त्याचा हात तुमच्यापेक्षा केव्हाही चांगला असतो. प्रश्न तो नाही. कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात, म्हणजे धारेची पातळ कड तापते आणि पोलादाचं पाणी उतरतं. शिवाय व्हॅनेडियमचे कार्बाइड नेहमीच्या दगडातल्या कणांपेक्षाही कठीण. जे पोलाद लवकर बोथट होत नाही, ते लवकर धारदारही होत नाही. मग हिऱ्याच्या चुऱ्याची पट्टी घ्या, दोन्ही बाजूंना वीस-वीस अंशांचा कोन धरून ठेवणारा साचा घ्या, चामड्याचा पट्टा घ्या. एवढं घेऊन होईपर्यंत चाकूच्या किमतीत अर्धा चाकू आणखी पडतो. मी हे सगळं घेतलं आणि पहिल्याच दिवशी पात्यावर एक चरा पाडला. तो चरा मी सांगितल्याशिवाय कुणाला दिसत नाही. मी सगळ्यांना सांगतो.

विमानाने जाताना चाकू घरी ठेवा. हातातल्या सामानात तो चालत नाही आणि सुरक्षा तपासणीच्या रांगेत एस३५व्हीएनबद्दल कुणाला ऐकायचं नसतं.

खरा धोका मात्र वेगळाच आहे. एक दिवस इलेक्ट्रिशियन येतो, स्टुलावर चढतो, आणि खाली हात करून सहज म्हणतो, "साहेब, चाकू-बिकू आहे का जरा?"

या एका प्रश्नासाठीच तर तुम्ही हा चाकू घेतला होता! रोजचं काम, हाताशी असलेलं अवजार, वेळेला उपयोगी पडणारा माणूस. आणि तुमच्या तोंडून शब्द येतो, "नाही हो." कारण तुम्हाला माहीत आहे की तो त्याने वायरचं आवरण सोलणार, सोलताना आतल्या तांब्यावर धार घासणार, मग त्याच टोकाने स्विचबोर्डाचं झाकण उचकटणार आणि वर "बरा आहे की" म्हणून परत देणार. यावर जाणकारांचा उपाय ठरलेला आहे: दोन चाकू बाळगायचे. एक महागाचा, वापरायचा म्हणून घेतलेला आणि न वापरायचा. दुसरा स्वस्तातला, लोकांना द्यायचा. दुसऱ्याने सगळी कामं होतात. इलेक्ट्रिशियनने त्या दिवशी वायर दातांनी सोलली आणि मी खिशावर हात ठेवून उभा होतो.

तरीही मी आशा सोडली नव्हती. मे महिन्यात गावी गेलो. खळ्यात काकांनी फणस आणून टाकला, चांगला दहा-बारा किलोचा, कापा जातीचा. म्हटलं, आता. कोकण, फणस, पुरुष, चाकू. खिशातून काढला, 'टक' केलं. काकांनी चष्मा वर करून पाहिलं, हातात घेतला, वजन जोखलं, अंगठा आडवा फिरवून धार पाहिली. "झकास आहे रे," म्हणाले. मग मिटून माझ्या हातात परत दिला. "ठेव आत. चीक जाईल त्या बिजागरीत, मग उघडायचा नाही." त्यांनी कोयत्याला खोबरेल तेलाचा हात फिरवला, आपल्या हाताला चोळला, दोन घावांत फणस उभा फोडला आणि पाव, म्हणजे मधला दांडा, काढून टाकली. मला गरे सोडवायला बसवलं, मुलांबरोबर.

निघताना काकू आमसुलांची पिशवी बांधत होती. दोऱ्याचे चार वेढे घातले, गाठ मारली आणि रीळ हातात धरून इकडेतिकडे बघत म्हणाली, "अरे, दोरा तोडायला काही आहे का कुणाकडे?"

मी खिशात हात घातला. क्लिप पँटच्या शिवणीत अडकली होती. ती सोडवून, चाकू बाहेर काढून, पातं उघडेपर्यंत काकूने दोरा दातांनी तोडला होता.