पोस्टाने येणारं डायलिसिस

थायलंडच्या ईशान्येला, खोन केन भागातल्या एका खेड्यात एप्रिलमध्ये गेलो होतो. सोंगक्रानची, म्हणजे इथल्या नववर्षाची सुट्टी होती आणि कचेरीतल्या एका सहकारी बाईंनी माहेरी जेवायला बोलावलं होतं. घरात शिरताच भिंतीला लागून रचलेली खोकी दिसली. बाईंच्या आईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. धाकटी बहीण दिवसातून चार वेळा साबणाने हात धुते, द्रवाची पिशवी टांगते आणि आईच्या पोटातल्या नळीला जोडते. पोटातून, घरच्या घरी रक्त शुद्ध करायचं हे डायलिसिस. पिशव्यांचा खर्च सरकारचा, आणि खोकी पोस्टाची गाडी दारात आणून देते.

मला आमचे मामा आठवले. जालना जिल्ह्यातलं गाव, आणि आठवड्यातून दोनदा साठ किलोमीटरवर डायलिसिस. योजनेत नाव असल्यामुळे उपचाराचे पैसे पडत नाहीत. पण जीपचं भाडं, सोबत जाणाऱ्या मुलाची बुडालेली मजुरी, बाहेरून आणायला सांगितलेली इंजेक्शनं यांची बेरीज मामीने वहीत लिहून ठेवली आहे. एक एकर जमीन विकायची बोलणी चालू आहेत.

घरी फोन केला की आरोग्याच्या विषयात एकच आकडा ऐकू येतो, पाच लाखांचा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखावरून 5 लाख करायचं आणि ती सगळ्यांना लागू करायचं 2023 मध्ये ठरलं. निर्णय चांगलाच आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी सावकाराकडे जावं लागलं नाही, अशी घरं माझ्या ओळखीत आहेत. पण मामांच्या किडन्या एका रात्रीत गेल्या नाहीत. बीपी दहा वर्षं वाढलेलं होतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते मोजलं जायचं तेव्हा मोजलं जायचं, गोळ्या असायच्या तेव्हा मिळायच्या. महिनाभर गोळ्या नाहीत म्हटल्यावर मामांनी त्या सोडल्याच. ज्या गोळीची किंमत चहापेक्षा कमी आहे ती न मिळाल्यामुळे आता सरकार त्यांच्यावर दर आठवड्याला हजारो रुपये खर्च करतं आहे, आणि तरीही जमीन विकायची वेळ आली आहे.

थायलंडकडे पैसा जास्त म्हणून तिथे जमतं, हे उत्तर मला भारतात गेलो की हमखास मिळतं. आज तो देश आपल्याहून सधन आहे, खरं आहे. पण त्यांनी हे काम हातात घेतलं तेव्हा तो गरीबच होता. 1980 च्या दशकात काही वर्षं शहरी इस्पितळांची नवी बांधकामं रोखून तो पैसा तालुक्याच्या इस्पितळांकडे आणि खेड्यातल्या केंद्रांकडे वळवला गेला. नव्या डॉक्टरांना ग्रामीण भागात नोकरी सक्तीची होती. गावोगावी आरोग्य स्वयंसेवक तयार झाले. आज ते 10 लाखांवर आहेत. हे सगळं उभं असल्यामुळे 2002 मध्ये 30 बातमध्ये (बात हे थाई चलन) उपचाराची योजना देशभर लागू झाली तेव्हा लोकांना जायला जवळची जागा होती.

दुसरी गोष्ट हिशेबाची. 2007 पासून थायलंडमध्ये हायटॅप नावाची संस्था नवं औषध किंवा लस योजनेत घेण्याआधी विचारते की या पैशात किती आयुष्य वाचतं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस तिच्या पहिल्या किमतीला परवडत नाही, असं तिने स्पष्ट सांगितलं. किंमत उतरल्यावर 2017 मध्ये ती शाळेतल्या मुलींना देशभर मिळू लागली.

असा हिशेब म्हणजे कंजुषी, ही शंका मलाही होती. तिचं उत्तर डायलिसिसमध्येच सापडलं. सुरुवातीची काही वर्षं 30 बातच्या योजनेत डायलिसिस नव्हतंच. अभ्यासकांनी गणित मांडलं, तेव्हा ते नेहमीच्या निकषांत बसत नव्हतं. पण रुग्णांची घरं कर्जात बुडत होती, रुग्ण मागणी घेऊन रस्त्यावर उतरले होते. शेवटी 2008 मध्ये सरकारने डायलिसिस योजनेत घेतलं, मात्र आधी पोटातून, घरच्या घरी, कारण यंत्रं आणि परिचारिका शहरांत होत्या आणि रुग्ण खेड्यांत. 2022 मध्ये रुग्णांना पोटातून की यंत्रावर, या निवडीची मुभा दिली, तसे यंत्रावरचे रुग्ण वाढले, खर्च चढला आणि वाद पुन्हा पेटला. त्या वादात दोन्ही बाजूंच्या हातात आकडे होते, याचा मला हेवा वाटला. हिशेब समोर असला की त्याच्या पलीकडे जाऊन दया दाखवायचा निर्णयही उघड्यावर होतो.

आपल्याकडे हे शहाणपण नाही असं कोणी म्हटलं तर मी भांडेन. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी खाली आणले. 1999 मध्ये हे जगापुढे आलं, पुढे देशभरच्या आशाताईंच्या कामात शिरलं. इतक्या कमी पैशात इतके जीव वाचवणारी कामं जगात फार नाहीत. आणि त्याच आशाताईंना 2024 च्या सुरुवातीला मानधनवाढीसाठी आझाद मैदानावर दिवसेंदिवस बसावं लागलं.

देशाच्या 2017 च्या आरोग्य धोरणात सरकारी खर्च 2025 पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरलं होतं. 2021-22 मध्ये तो 1.84 टक्के होता. तो वाढलाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण वाढलेला रुपया आधी उपकेंद्रात, औषधांच्या कपाटात आणि आशाताईंच्या मानधनात जायला हवा. मोठ्या इस्पितळाचं बिल भरायला तो नंतर. तमिळनाडूने 1994 मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढलं. सरकारी दवाखान्यात औषध वेळेवर पोचवणं भारतात अशक्य आहे असं म्हणायची सोय त्यामुळे उरलेली नाही.

मामांच्या थोरल्या मुलाने आता चाळिशी ओलांडली आहे. परवा त्याला विचारलं, तुझं बीपी कधी पाहिलंस? आशाताई दोनदा येऊन गेल्या म्हणाला, पण यंत्राचे सेल संपले होते. मंगळवारी केंद्रावर जाऊन मोजून ये, गोळ्या आहेत का तेही विचार, असं सांगितलं आहे. बुधवारी फोन करणार आहे.