करकटक आणि इतर डिजिटल साधनं

रात्री साडेअकराला मी एका वाघाची शेपटी कापत बसले होते. वाघ लॅमिनेट केलेला होता आणि गुलाबी होता, कारण प्रिंटरमधली पिवळी शाई त्याच्या आधीच्या जिराफाने संपवली होती. हे दोघे ज्या फाइलमधून आले, तिच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘पूर्वतयारी शून्य! फक्त प्रिंट करा आणि सुरू करा.’ त्या ‘फक्त’च्या पोटात रंगीत प्रिंट, लॅमिनेशन, कापणं, टोचू नयेत म्हणून कोपरे गोल करणं आणि प्रत्येक चित्रामागे वेल्क्रोचा ठिपका चिकटवणं एवढं सगळं दडलेलं असतं. शून्याला तीन तास लागले. थोडी तयारी सांगितली असती तर मला रजाच टाकावी लागली असती.

दुसऱ्या दिवशी एका मुलीने वाघ हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि काळजीने विचारलं, “टीचल, हा आजाली आहे?”

मी वहीत ‘र’पुढे दोन उणे मांडले.

मी शाळेत स्पीच थेरपिस्ट आहे. माझी खोली जिन्याखाली आहे. तिथे मी, मोडके बाक आणि मुलं असे एकत्र राहतो. नेटवर्क खिडकीपाशी मिळतं, तेही टॅबलेट गजाला टेकवून धरला तर. मुलांची नावं सांगत नाही. तशीही आम्हा लोकांना नावं नंतर आठवतात, आवाज आधी. या गटात तिघं आहेत. रकारताई, ज्यांचा राजा ‘लाजा’ असतो. ककारराव, ज्यांचे काका ‘ताता’ असतात. आणि तिसरा मुलगा तोंडाने फारसं बोलत नाही. त्याच्याकडे स्वतःचा टॅबलेट आहे. त्यावरच्या चित्रावर बोट ठेवलं की टॅबलेट तो शब्द उच्चारतो. हवं, नको, थांब, माझी पाळी, आणखी, संपलं. तो रोज खोलीत येतो, बसतो आणि सत्र सुरू व्हायच्या आत पहिलं बटण दाबतो, “संपलं.” माझ्या कामाचं इतकं नेमकं मूल्यमापन दुसऱ्या कोणी केलेलं नाही.

पर्यवेक्षक मॅडमचा मात्र रेटा असतो की सत्रात डिजिटल साधनांचा वापर वाढवा. त्यासाठी एक तक्ता आहे. त्यात तारीख, उद्दिष्ट, ‘वापरलेले डिजिटल साधन’ आणि शेरा असे रकाने आहेत. रकाना रिकामा ठेवलेला चालत नाही.

आता सत्राचा हिशेब सांगते. सत्र तीस मिनिटांचं. मुलांना वर्गातून आणण्यात पाच मिनिटं जातात, कारण एकाला वाटेत नेमकं पाणी प्यायचं असतं. परत सोडायला पाच. उरली वीस. टॅबलेट उघडला की तो म्हणतो, अपडेट करा. मग पासवर्ड. मग अ‍ॅपमधलं नशिबाचं चाक, ज्या चित्रावर थांबेल तो शब्द म्हणायचा. ते फिरवायच्या आधी ककाररावांना त्याचा रंग निवडायचा असतो आणि एकूण चोवीस रंग असतात. चाक फिरतं, फिरतच राहतं, तिघंही श्वास रोखून बघतात. खोलीत इतकी शांतता पसरते की मुख्याध्यापकांनी बक्षीस द्यावं. पण मी शांततेचा पगार घेत नाही. मला एका मुलाच्या तोंडून एका सत्रात निदान पन्नास वेळा तो आवाज हवा असतो, शंभर मिळाले तर सोनं. सुटा आवाज, मग अक्षर, शब्द, वाक्य आणि शेवटी गप्पा, अशी ही शिडी आहे. चार्ल्स व्हॅन रायपर या जुन्या अमेरिकन वाचोपचारतज्ज्ञांच्या काळापासून आम्ही तीच चढतो आहोत आणि एकेक पायरी घोटून घोटूनच चढावी लागते. त्या चाकाच्या दिवशी मी दर शब्दाला मारलेल्या रेघा मोजल्या, तर प्रत्येकाचे नऊ शब्द झाले होते. चाक एकतीस वेळा फिरलं होतं.

शिवाय अ‍ॅपला टाळ्या वाजवायची वाईट खोड. मुलाने चित्रावर बोट ठेवलं की टाळ्या, फुगे, चांदण्या. तोंडाने काय म्हटलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. “लाजा!” टाळ्या. “ताता!” फुगे. मी “पुन्हा एकदा म्हणू या” म्हणायला तोंड उघडावं, तर समोर यंत्र आधीच विजयोत्सव साजरा करतंय.

म्हणून मी बोलून टाइप करायची सोय काढली. म्हटलं, यंत्रालाच परीक्षक करू. बरोबर म्हणशील तर बरोबर उमटेल. रकारताई पुढे झाल्या, घसा साफ केला आणि म्हणाल्या, “लाजा लथात बसला.” पडद्यावर उमटलं, ‘राजा रथात बसला.’

“बघा टीचल! बलोबल!”

यंत्र समजूतदार निघालं. आजूबाजूचे शब्द बघून त्याने मनानेच दुरुस्ती केली, घरी आई करते तशी. मग ककारराव सरसावले. “ताता.” यंत्राने लिहिलं, ‘टाटा.’ तिघांनी ते वाचलं, तिघं उठले आणि मला हात हलवून दाराकडे निघाले. तिसऱ्याने जाता जाता “संपलं” दाबलं.

संध्याकाळी पालकांचे फोन येतात, तो आणखी वेगळा प्रकार. “मॅडम, त्याला ‘स’ यायला लागला! ऐका हं!” मी कान देते. पण साधा फोन ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यातलाच आवाज नेतो आणि ‘स’ची सळसळ बरीचशी ४००० हर्ट्झच्या वर असते. म्हणजे ज्या आवाजाचं कौतुक करायचं, तोच वाटेत गळलेला. पलीकडे मूल जीव तोडून ‘साप’ म्हणतंय की ‘फाप’, मला काही कळत नाही. मी “अरे व्वा, उद्या समोर ऐकवशील ना?” म्हणते. ‘व्वा’ फोनवर स्वच्छ पोचतो.

एक साधन मात्र मला मनापासून आवडतं, साधा रेकॉर्डर. कारण मुलांना स्वतःची चूक बोलताना ऐकू येत नाही. मी मुद्दाम “लाजा” म्हटलं तर रकारताई चिडतात, “लाजा नाही टीचल, लाजा!” हे काही आमच्याच खोलीतलं नवल नाही. जीन बर्को आणि रॉजर ब्राउन या भाषा-मानसशास्त्रज्ञांनी १९६० साली अशाच एका मुलाबद्दल लिहिलं होतं. तो माशाला इंग्रजीत ‘फिश’ऐवजी ‘फिस’ म्हणायचा, पण मोठ्यांनी ‘फिस’ म्हटलेलं त्याला मुळीच चालत नसे. तेव्हा रेकॉर्ड करा आणि लगेच ऐकवा. रकारताईंनी स्वतःचा आवाज ऐकला, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाल्या, “ही कोण बोलते?” मी म्हटलं, तूच. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग “पलत लावा” म्हणाल्या. खरं काम त्या दिवशी सुरू झालं.

तर पर्यवेक्षक मॅडम ज्या दिवशी सत्र बघायला येणार होत्या, त्या दिवशी मी जय्यत तयारीत होते. चाक, फुगे, गुलाबी वाघ. आदल्या रात्री माझा टॅबलेट चार्जिंगलाही लावला होता. फक्त प्लगचं बटण दाबायचं राहिलं होतं.

मुलं आली. टॅबलेटने एकदा डोळा उघडला आणि मिटला. काळ्या पडद्यात तिघांचे चेहरे दिसायला लागले. रकारताई आपलं तोंड बघत पुढे वाकल्या आणि मला सुचलं. “आ कर. जिभेचं टोक वर ने. दातांच्या मागे तो उंचवटा आहे ना, त्याला टिचकी मार.” पडद्यात जीभ वर गेली, थरथरली, खाली पडली. पुन्हा गेली. पडदा वाफेने धूसर झाला, बाहीने पुसला, पुन्हा जीभ वर. “अर्र.” तिने माझ्याकडे बघितलं. मीही तिच्याकडे बघत राहिले.

पण शब्दांचं काय? चित्रं टॅबलेटच्या पोटात आणि वाघ एकच, तोही आजारी. ककाररावांच्या दप्तरातून मी कंपासपेटी काढून उघडली. आजवर मी ही पेटी कशी पाहिली नव्हती? कोनमापक! खोडरबर! आणि सगळ्यांवर कडी म्हणजे कर्कटक, ज्याला सगळी शाळा करकटक म्हणते. तीन ‘क’ आणि एक ‘र’, एकाच वस्तूत, लॅमिनेशनशिवाय. ककारराव म्हणाले, “तरतटत.” रकारताई म्हणाल्या, “कलकटक.” दोघांनी एकदम म्हटलं तर खोलीत जुना टाइपरायटर चालल्यासारखं वाटलं.

नियम ठरला. एकदा शब्द म्हणायचा, एकदा कागदाचा बोळा टोपलीत टाकायचा. करकटकाला टोक असल्यामुळे ते माझ्या हातात. दोन फेऱ्या झाल्या आणि कोपऱ्यातून आवाज आला, “माझी पाळी.” मी बोळा पुढे केला. “नको.” मग त्याने दोघांकडे बघितलं आणि दाबलं, “आणखी.” दोघांनी पुन्हा म्हटलं. “आणखी.” पुन्हा. त्याच्या चेहऱ्यावर जे काही उजाडलं ते सांगता येत नाही. यंत्र दिलं तर मूल बोलायचंच सोडून देईल, अशी भीती त्याच्या घरच्यांना सुरुवातीला वाटली होती. इथे ते मूल दोन बोलक्या मुलांची हजेरी घेत होतं. बाकीच्यांच्या टॅबलेटवर बोट चाललं की तोंड बंद होतं. याचं बोट म्हणजेच तोंड. मी रेघा मारता मारता पेन्सिल बदलली. एकसष्ट, बासष्ट. ककाररावांची जीभ सवयीने पुढे धावत होती. त्यांना मी मान मागे टाकून गुळण्या केल्याचं सोंग करायला लावलं. घशातून खर्रर्र आलं आणि त्याच्या पाठोपाठ एकदा, चुकून, स्वच्छ “क”. ते स्वतःच दचकले.

मॅडम दारात उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. जमिनीवर बोळे, माझ्या हातात करकटक आणि तीन मुलांपैकी दोघं किंचाळताहेत.

“डिजिटल साधन कुठाय?” त्यांनी विचारलं.

“थांब,” तिसऱ्याचा टॅबलेट म्हणाला.

मॅडम थांबल्या.

घंटा झाली. मी उठले, तेव्हा तो त्याच्या टॅबलेटकडे बघत बसून होता. मला वाटलं, आता नेहमीचं ‘संपलं’. त्याने दाबलं, “आणखी.” दाराबाहेर पोचलेल्या दोघांनी व्हरांड्यातूनच ओरडून शब्द म्हटला.

सगळे गेल्यावर मी तक्ता काढला. उद्दिष्टाचा रकाना भरला. पुढच्या रकान्यापाशी पेन जरा थांबलं आणि मग मी लिहिलं, ‘टॅबलेट (आरसा म्हणून).’ शेऱ्यात लिहिलं, ‘चार्जिंगची गरज नाही.’