पालक प्रतिनिधी, नववी 'ब'

शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करायचा हुकूम काढला. पोरगं शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड. त्या काळातला रुपया, बापाला घाम फोडणारा. पण महाराजांचं राज्य न्यायाचं होतं. सक्ती पोरानं शाळेत बसायची होती. बापानंही जाऊन बाकावर बसावं, इतिवृत्तावर सही करावी आणि पाचवीच्या खिचडीत मीठ बरोबर आहे का ते लेखी सांगावं, असं त्या हुकुमात कुठंही नव्हतं. ते पुढच्या सरकारांनी घातलं.

माझं बिंदू चौकाच्या अलीकडं झेरॉक्सचं दुकान. मुलगी एका अनुदानित हायस्कुलात नववीला. शाळेचं नाव सांगत नाही, कारण तिची अजून दहावी व्हायची आहे. अनुदानित म्हणजे इमारत संस्थेची, पगार सरकारचा, आणि गळकं छत कुणाचं यावर दोघांचा पत्रव्यवहार चालू.

वर्षाच्या सुरुवातीला पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती निवडतात. मुख्याध्यापक आपोआप अध्यक्ष, उपाध्यक्ष पालकांतला, सचिव शिक्षकांतला, बाकी वर्गावर्गाचे प्रतिनिधी. इच्छुक जास्त झाले तर चिठ्ठ्या टाकायच्या. वर्गशिक्षकांनी "इच्छुकांनी हात वर करा" म्हटल्याबरोबर सगळ्या पालकांना एकदम फोन आले. मी निवांत होतो, कारण आपण इच्छुक नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तेवढ्यात सर म्हणाले, "तुमचं नाव आलंय की!" मुलगी मागं दारात उभी. "मी सांगून आलो सरांना, आमच्या बाबांना दुपारचा वेळ असतोय. आणि झेरॉक्सपण आपलंच हाय."

इच्छुक एकच होता आणि तोही इच्छुक नव्हता. तरी नियम तो नियम. एकच चिठ्ठी केली, डब्यात टाकली, डबा हलवला, पाचवीतल्या एका पोराला बोलावून ती काढायला लावली. पोरानं माझं नाव अडखळत वाचलं. टाळ्या वाजल्या. घरी बायको म्हणाली, "बघा, निवडून आलासा."

आता कोल्हापुरी माणसाला सभा म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. साखर कारखाना, दूध संस्था, विकास सोसायटी, पतसंस्था, यांतली एक तरी वार्षिक सभा बघितल्याशिवाय इथल्या माणसाचा सप्टेंबर सरत नाही. अहवाल उघडायच्या आत मागच्या खुर्च्यांवरून "मंजूर, मंजूर" आणि पुढच्यांवरून "नामंजूर". फारच रंगत आली तर बाहेर समांतर सभा. त्यात या गावानं टोल घालवलेला. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच मिळेपर्यंत वर्षानुवर्षं आंदोलन चालवून ते २०२५ मध्ये पदरात पाडून घेतलेलं. असल्या गावातल्या पालकांना शाळेच्या कारभारात अधिकृत वाटा द्यायचा म्हणजे धाडसच. ते ज्यानं केलं तो अधिकारी नक्की पुण्याचा असणार.

आमची सभा भूगोलाच्या खोलीत भरते. बाक सहावीच्या मापाचे. गुडघे कुठं ठेवायचे हा सभेचा पहिला विषय, तो कार्यपत्रिकेवर नसतो. माझ्या बाकावर करकटकानं बदाम कोरलाय. आतली दोन्ही नावं कुणीतरी पॉलिश पेपरनं घासून काढलीत, मधलं अधिकचं चिन्ह तेवढं राहिलंय. लांबलेल्या भाषणांत त्याचा मला फार आधार होतो.

पहिल्याच सभेत सर म्हणाले, "विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून..."

"मंजूर!" मागून आवाज आला.

"अहो, वाचू तर द्या."

"वाचून काय बदलणार हाय व्हय?"

हे अण्णा. सातवी 'क'. तालमीत वाढलेले, दोन सोसायट्यांचे माजी संचालक. अण्णांचा कुठल्याच गोष्टीला विरोध नसतो, फक्त ती लेखी पाहिजे. त्यांच्या शेजारी वकीलसाहेब, दहावी 'अ'. ते लेखी दिलेल्या गोष्टीला विरोध करतात. या दोघांच्या मध्ये बसून कारभार हाकायचा म्हणजे मुख्याध्यापकांच्या नोकरीतला सगळ्यात अवघड तास. सर गणिताचे आहेत, म्हणून तग धरून आहेत.

सचिव मात्र मराठीचे. त्यामुळे आमची इतिवृत्तं वाचण्यासारखी असतात. स्नेहसंमेलनात डीजे लावायचा का यावरून अण्णांनी बाकावर मूठ आपटली आणि वकीलसाहेब फायली उचलून दारापर्यंत गेले, त्या सभेची नोंद अशी आहे: 'स्नेहसंमेलनाच्या स्वरूपाबाबत सदस्यांनी उत्स्फूर्तपणे विचार मांडले व चर्चेअंती सर्वानुमते विषय पुढील सभेत घेण्याचे ठरले.' मी एकदाच तोंड उघडलं, "सर, पंखा लावता का जरा?" त्याचं झालं: 'नववी ब च्या पालक प्रतिनिधींनी वर्गखोल्यांतील वायुवीजनाच्या प्रश्नाकडे सभेचे लक्ष वेधले.' ती प्रत मी दुकानात जरा जाड कागदावर काढून ठेवली आहे.

पावसाळ्यातली सभा पंचगंगेच्या मर्जीवर असते. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका, हे इथं दुसरीतलं पोरगंपण सांगतंय. विषय गणवेशाचा असो की सहामाहीचा, मध्येच कुणीतरी मोबाइल बघून "साडेसदतीस!" म्हणतो आणि चर्चा तिथंच संपते. हसण्यावारी न्यायचं कारण नाही. २०१९ च्या महापुरात गावातल्या कितीतरी शाळांच्या वर्गांत पूरग्रस्तांचे संसार लागले होते. तेव्हा फूट मोजणारे पालक मला कधीच फालतू वाटले नाहीत. पाणी उतरल्यावरही मोजतात, एवढंच.

हिवाळ्यातल्या सभेची अडचण वेगळी. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा मोठा सामना असला की गणपूर्ती होत नाही. मग सभा तहकूब करायची आणि अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा घ्यायची, तिला गणपूर्तीची अट नाही. ही युक्ती अण्णांनी सहकारातून आणली. अशा एका तहकूब सभेला मुख्याध्यापक, सचिव आणि मी एवढेच होतो. तेवढ्या वेळात जेवढं काम झालं तेवढं अख्ख्या वर्षात झालं नाही. पुढच्या सभेत वकीलसाहेबांनी ते सगळं रद्द करायला लावलं.

शाळेकडं येणाऱ्या शासन निर्णयांच्या प्रती माझ्या मशीनवर निघत असल्यामुळं माझं वाचन अलीकडं बरंच वाढलंय. पालकांना सरकारनं किती ठिकाणी बसवलंय! शिक्षण हक्क कायद्याची शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, आणि निम्म्या महिला हव्यात. माता-पालक संघ आहे, परिवहन समिती आहे, सखी सावित्री समिती आहे. कागदावर बघितलं तर शाळा पालकच चालवतात, शिक्षक नुसते शिकवायला येतात. प्रत्यक्षात सगळीकडं माणसं तीच. एका समितीतून उठायचं, पाणी पिऊन यायचं, त्याच बाकावर दुसऱ्या समितीत बसायचं. मध्यंतरी सरकारलाही ही दाटी जाणवली आणि बऱ्याच समित्या एकत्र करायचा निर्णय निघाला. त्याची अंमलबजावणी कशी करायची हे ठरवायला आमच्याकडं एक समिती नेमलीय.

परिवहन समितीबद्दल एवढंच सांगतो, की शाळा सुटताना गेटसमोर गाडी आडवी लावू नये असा ठराव करून बाहेर आलो तेव्हा गेटसमोर उपाध्यक्षांची गाडी आडवी होती.

खिचडीचं मात्र सविस्तर सांगितलं पाहिजे. पाचवी ते आठवीला पोषण आहार असतो. वाढायच्या आधी कुणीतरी मोठ्या माणसानं चव घ्यायची आणि नोंदवहीत लिहायची. चांगली पद्धत आहे, पोरांच्या जिवाचा प्रश्न. मी नववीवाला, त्यात माझा संबंध नाही, पण दुपारचा मोकळा म्हणून मलाही अधूनमधून बोलावतात. शिजवणाऱ्या मावशी ताटलीत चमचाभर खिचडी घालतात आणि तोंडाकडं बघत उभ्या राहतात. त्या नजरेसमोर खोटं बोलायला फार काळीज लागतं. मी लिहितो, 'चव योग्य.' अण्णांच्या नोंदी वाचाव्यात. तांबडा-पांढरा रस्सा ओरपून मोठा झालेला माणूस. 'मीठ ठीक. तिखट नाही. कांदा-लसूण चटणी घातल्यास मुले आवडीने खातील.' खाली दुसऱ्या खेपेची नोंद: 'वरील सूचनेवर काय कार्यवाही झाली?' शिक्षण विभागाच्या तपासणीत साहेबांनी ती वही उघडली, दोन पानं वाचली, आणि मावशींना म्हणाले, "मला पण वाढा बघू थोडी." खाल्ली. शेऱ्यात काही लिहिलं नाही, पण जाताना म्हणाले, "चटणी पाहिजे खरं."

हे सगळं मी गमतीनं सांगतोय, पण एका विषयावर मात्र माझं डोकं फिरलं. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दारांना आतून कड्या नव्हत्या. मुली जोडीनं जायच्या. एक आत, दुसरी बाहेर दार धरून. मुलगी हे घरी इतक्या सहज बोलून गेली की जणू तशीच पद्धत असते. मी विषय मांडला, अध्यक्षांच्या परवानगीनं, लेखी, जोडपत्रासह.

सभा पहिल्यांदाच गंभीर झाली आणि तिथंच घोटाळा झाला. इमारत संस्थेची, म्हणजे कड्या संस्थेनं बसवायच्या. संस्था म्हणाली, किरकोळ दुरुस्ती वेतनेतर अनुदानातून करा. ते अनुदान पुरेसं येईल तो सुदिन. संघाच्या निधीतून करावं तर तीन दुकानांची दरपत्रकं मागवायला हवीत. कडीसाठी दरपत्रक द्यायला महाद्वार रोडवरचा दुकानदार तयार होईना. म्हणाला, "कडी घ्या, पैसे द्या, पावती घ्या. हे मध्येच काय काढलाय?" बरं, बसवायची कुणी? शिपायाची रिकामी पदं नव्यानं भरत नाहीत. विषय पुढच्या सभेत, मग त्याच्या पुढच्या. इतिवृत्तात दर वेळी नवं विशेषण. 'अत्यंत जिव्हाळ्याचा', मग 'तातडीचा', मग 'प्रलंबित'.

समितीत आठवी 'अ' च्या वहिनी आहेत. सभेत कधी बोलत नाहीत, बोलायला जागाही नसते. त्यांनी फक्त एकदा विचारलं, "कड्या आडव्या पाहिजेत का उभ्या?" कुणी उत्तर दिलं नाही, कारण तेव्हा कडी ही भांडवली खर्चात येते की महसुली, यावर वकीलसाहेब बोलत होते. वहिनींच्या मालकांचं शिवाजी उद्यमनगरात लेथचं काम. रविवारी मालक आणि दीर ड्रिल मशीन घेऊन आले, वॉचमनमामांनी गेट उघडलं, संध्याकाळी सगळ्या दारांना जाड, आडव्या, गुळगुळीत घासलेल्या कड्या. सोमवारी मुलगी घरी आली ती ओरडतच, "बाबा, कड्या लागल्या! समितीनं केलं?"

"व्हय," मी म्हटलं.

पण पुढच्या सभेत आनंद नव्हता, पेच होता. वस्तू आली, पण कुठून आली त्याचा कागद नाही. जडवस्तू नोंदवहीत चढवायची कशी? देणगी म्हणावं तर संस्थेचा स्वीकार हवा. काम म्हणावं तर ठराव नाही. वकीलसाहेब म्हणाले, "विनापरवाना बदल होतोय हा इमारतीत."

"मग काढा म्हणताय व्हय?" अण्णा उठले. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच त्यांनी काही लेखी मागितलं नाही. वकीलसाहेबसुद्धा गप्प बसले. त्यांनाही धाकटी मुलगी आहे, सहावीत.

शेवटी लिपिकांनी वाट काढली. दरपत्रकं आता मागवू, तारीख आजचीच घालू, काम झालंय ते झालंय. वहिनींनी पिशवीतून मालकांचं लेटरहेड काढलं. तयारच होतं. कड्या, स्क्रूसह: शून्य रुपये. बसवणूक: शून्य रुपये.

"शून्यावर जीएसटी किती दाखवू?" लिपिक.

"दाखवा की किती पाहिजे तेवढा," वहिनी म्हणाल्या. "मी भरतो."

उरली दोन दरपत्रकं, आणि ती शून्यापेक्षा जास्त हवीत. एक अण्णांच्या मेहुण्याच्या हार्डवेअरच्या दुकानातून आलं. दुसऱ्यासाठी सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सर म्हणाले, जनरल सप्लायर्स असं लिहा ना खाली. लिहिलं. तिन्ही दरपत्रकं सभेपुढं उघडण्यात आली, मागून "मंजूर, मंजूर" झालं, आणि माझं दरपत्रक दर अवाजवी असल्यामुळं फेटाळण्यात आलं. इतिवृत्तात तसं माझ्या नावानिशी नमूद आहे. त्याच्या सगळ्या सदस्यांना वाटायच्या प्रती मलाच काढायला लावल्या.