विमान आपलं, इंजिन कुणाचं?

लढाऊ विमानाचा विषय निघाला की क्षेपणास्त्रं, रडार, वेग यांवर तावातावाने वाद होतो. इंजिनातल्या बोटभर पात्याबद्दल कुणी बोलत नाही. माझ्या मते देशाच्या धोरणाची गाठ त्या पात्यातच आहे.

2021 मध्ये 83 तेजस मार्क-1ए या देशी लढाऊ विमानांचा करार झाला. त्याच वर्षी त्यांच्यासाठी अमेरिकेच्या जीई कंपनीकडे 99 एफ-404 इंजिनं मागवली. पहिलं आलं मार्च 2025 मध्ये! सप्टेंबरात मिग-21 निवृत्त झालं आणि हवाई दलाच्या मंजूर 42 पैकी 29 स्क्वाड्रन (लढाऊ विमानांच्या तुकड्या) उरल्या. दुसऱ्यावर अवलंबून राहण्याचं दुसरं उदाहरण तुर्कस्तानचं. त्याने रशियाची एस-400 ही हवाई संरक्षण यंत्रणा घेतली, तर 2019 मध्ये अमेरिकेने त्याला एफ-35 या लढाऊ विमानाच्या प्रकल्पातून बाहेर काढलं, आणि तो त्या विमानाचे सुटे भागही बनवत होता. आज त्याचं स्वतःचं 'कान' विमान उडतं, तेही अमेरिकी एफ-110 इंजिनांवर.

हे पातं इतकं अवघड का, ते सोलापुरात सहज समजावं. चिंचोळी आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ओतकाम जाणणारी माणसं आहेत. साध्या ओतकामात धातू थिजताना असंख्य कण, म्हणजे बारीक स्फटिक, तयार होतात. इंजिनाच्या टर्बाइनमध्ये, म्हणजे तप्त वायूने फिरणाऱ्या पात्यांच्या चाकात, वायूचं तापमान पात्याच्या मिश्रधातूच्या वितळबिंदूच्याही वर असतं, शिवाय फिरण्याचा प्रचंड ताण. अशा वेळी कणांच्या सीमांवरच धातू हळूहळू ताणला जातो आणि तडकतो. म्हणून अख्खं पातं एकाच स्फटिकाचं ओततात. साच्याचा तळ थंड केलेल्या तांब्याच्या तबकडीवर, वर एक नागमोडी अरुंद वाट. तिच्यातून एकच कण वर चढतो. मग साचा अगदी सावकाश भट्टीबाहेर काढायचा. वेग किंवा तापमान चुकलं की मध्येच परका कण उगवतो आणि पातं भंगारात. आतल्या थंड हवेच्या वाटांसाठी सिरॅमिकचा गाभा बसवतात. तो जरा सरकला तरी भिंत पातळ होते.

हे ज्ञान कुणी विकत नाही. आपलं देशी लढाऊ विमान 'मारुत' 1961 मध्ये उडालं, पण जोरदार इंजिन शेवटपर्यंत मिळालं नाही. कावेरी या देशी जेट इंजिनाची उंचीवरची चाचणी करायला रशियात जावं लागलं.

आता फ्रान्सच्या साफ्रान कंपनीसोबत नव्या इंजिनाची बोलणी आहेत. एकस्फटिकी ओतकाम आणि पात्यावरचा उष्णतारोधक लेप आपल्या हातात येणार का? पुढे आराखडा बदलायचा, विमान तिसऱ्या देशाला विकायचं, तर परवानगी कुणाची? आपल्या खासदारांनी संसदेत हेच विचारावं. आणि उंचीवरच्या चाचणीचं केंद्र देशातच उभारायला पैसे कधी मिळणार, तेही.