डीएनए वाचून झाला म्हणजे गर्भ कळला, असं नसतं

एक मेसेज सध्या खूप फिरतोय, मलाच चार जणांनी पाठवला. त्याचं म्हणणं असं की माणसाचा अख्खा डीएनए वाचून झालाय, गर्भ कसा बनायचा ते सगळं त्यातच लिहिलेलं असतं, मग मासे-बेडकांची अंडी बघत बसणारे संशोधक हवेत कशाला, मासा कुठे माणूस कुठे, नुसतं बघायचं यात काम ते काय आणि पेशंटला त्याचा उपयोग काय. मी हेच काम करते, झेब्राफिश (प्रयोगशाळेत पाळतात तो छोटा पट्टेवाला मासा) याच्या गर्भाचे पहिले चोवीस तास हा माझा विषय, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी ते "सगळं डीएनएमध्ये लिहिलंय". हे ऐकायला इतकं पटतं की लोक पुढे विचारतच नाहीत, म्हणून यावरच जास्त बोलते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हान्स श्पेमान हे जर्मन संशोधक तान्ह्या बाळाच्या केसाचा फास करून न्यूटच्या गर्भाला मधोमध आवळायचे (न्यूट म्हणजे पालीसारखा दिसणारा, पण बेडकाच्या जवळचा प्राणी). एका दिशेने आवळलं तर दोन्ही अर्ध्यांमधून दोन पूर्ण पिल्लं. दिशा बदलली तर एका अर्ध्यातून पूर्ण पिल्लू आणि दुसऱ्यातून नुसता पोटाच्या पेशींचा गोळा, पाठ नाही, मेंदू नाही, काही नाही. आता दोन्ही अर्ध्यांत डीएनए तोच होता ना? फरक पडला तो अंड्याच्या आतला कुठला भाग कोणाच्या वाट्याला आला यामुळे.

मग १९२४ मध्ये त्यांची विद्यार्थिनी हिल्डे मॅन्गोल्ड आणि त्यांचा पेपर आला. एका गर्भाचा, पुढे पाठीकडे जाणारा छोटासा तुकडा काढून दुसऱ्या गर्भाच्या पोटाकडच्या बाजूला लावला, आणि तिथे अख्खं दुसरं शरीर तयार व्हायला लागलं, कणा, मेंदूची नळी सगळं. दोन्ही गर्भ वेगळ्या रंगाच्या जातींचे घेतले होते म्हणून दिसलं की ही दुसरी मेंदूची नळी बरीचशी यजमान गर्भाच्याच पेशींची होती, म्हणजे ज्या पेशी पोटाची कातडी होणार होत्या त्या शेजारी बदलल्यावर मेंदू व्हायला लागल्या!! मॅन्गोल्ड त्याच वर्षी भाजून गेल्या, श्पेमान यांना १९३५ मध्ये नोबेल मिळालं, तेव्हा त्या नव्हत्या. मला हे दर वेळी लागतं.

आणि १९६२ मध्ये जॉन गर्डन यांनी बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक (पेशीतला डीएनए जिथे असतो तो भाग) काढून, ज्याचं स्वतःचं केंद्रक निकामी केलंय अशा अंड्यात घातलं तर त्यातून पोहणारी पिल्लं निघाली. म्हणजे आतड्याच्या पेशीतही सगळा डीएनए शाबूत असतो, तरी ती आतड्याचीच राहते. डीएनएमध्ये "इथे डोळा, तिथे हात" असं कुठेच लिहिलेलं नाही हो. प्रोटीन कुठलं बनवायचं आणि कुठल्या खुणेवर चालू-बंद करायचं एवढं असतं, खूण देते शेजारची पेशी, आणि शेजार दर मिनिटाला बदलतो. तो शेजार कळायला गर्भच बघावा लागतो.

दुसरं, मासा कुठे माणूस कुठे. पाठीचे मणके ज्या तुकड्यांमधून बनतात त्यांना सोमाइट म्हणतात, ते डोक्याकडून शेपटीकडे एकेक जोडीने तयार होतात. झेब्राफिशमध्ये दर अर्ध्या तासाला एक जोडी, कोंबडीत दीड तासाला, उंदरात साधारण दोन तासांनी, माणसात साधारण पाच तासांनी. वेग वेगळा पण आतलं घड्याळ एकाच घराण्यातल्या जीन्सवर चालतं, जी ठरावीक लयीत चालू-बंद होतात, आणि ते पहिल्यांदा दिसलं १९९७ मध्ये कोंबडीच्या गर्भात. या घड्याळाला लागणारं डीएलएल३ नावाचं जीन बिघडलं की उंदराचा कणा वेडावाकडा होतो, आणि मणके-बरगड्या जन्मतः बिघडलेल्या काही मुलांमध्ये नेमकं तेच जीन बिघडलेलं सापडलं.

सगळंच सारखं असतं असं मी म्हणत नाही. माशाला वार (प्लॅसेंटा) नसते. थॅलिडोमाइड या औषधाने माणसाच्या बाळांचे हातपाय खुंटले, सशांच्या पिल्लांचेही, पण उंदरांमध्ये तसं होत नाही. म्हणून तर कुठला प्रश्न कुठल्या प्राण्यात विचारायचा हे ठरवायला एवढा वेळ जातो.

तिसरं, "नुसतं बघायचं". संध्याकाळी नर-मादी मध्ये पडदा घालून ठेवायचे, सकाळी दिवे लागले की पडदा काढायचा, अंडी पडली की पाऊण तासाच्या आत त्यांत जीन बंद करणारं इंजेक्शन, कारण त्यानंतर एका पेशीच्या दोन होतात आणि पुढे दर पंधरा मिनिटांनी दुप्पट. अंडं जेमतेम मिलिमीटरभर, सुई काचेची आणि डोळ्यांना धड न दिसणारी. मग तासातासाला नोंदी, रात्रीसुद्धा. एकदा सहा आठवडे मला वाटत होतं की एक जीन बंद केल्यावर गर्भ मागे पडतोय, निघालं काय तर त्या इन्क्युबेटरच्या खालच्या कप्प्यात तापमान २८.५ ऐवजी २६ च्या आसपास होतं, आणि थंडीत गर्भ हळू वाढतोच. सगळा डेटा टाकला. तेव्हापासून कुठली डिश कुठली हे ज्याला माहीत नाही अशा दुसऱ्याकडून मोजून घेते. बघणं हे काम आहेच, पण आपल्याला हवं तेच दिसत नाहीये ना याची खात्री करणं हे त्याहून मोठं काम आहे.

उपयोगाचं एकच सांगते. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून होतात ती माणसात गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते, पाठीकडे न मिटली तर स्पायना बायफिडा, म्हणजे कणा जन्मतः उघडा राहतो. १९९१ च्या मोठ्या चाचणीत, आधीच्या गर्भात हा दोष झालेल्या बायकांना फॉलिक अ‍ॅसिड दिलं तर तो पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झालं. ती चाचणी बायकांवर झाली, माशांवर नाही, बरोबर. पण नळी कधी मिटते हे गर्भ बघत बसलेल्यांनीच शोधलंय, आणि २८ व्या दिवशी कित्येक बायकांना दिवस गेलेत हेही धड कळलेलं नसतं, म्हणून ती गोळी दिवस राहायच्या आधीपासून सुरू करायला सांगतात.