वेल डन, मेट!

परवा पोर्ट कॅम्पबेलला तंबू मी लावला. आधीच लिहून ठेवते, कारण आमच्या घरच्या इतिहासात आत्ताच वेगळी नोंद झालेली आहे.

मेलबर्नहून निघून ग्रेट ओशन रोडने जायचं आणि हॉटेलऐवजी तंबूत राहायचं ही आयडिया नवऱ्याची. रिव्ह्यू त्याने वाचले, यूट्यूबवर व्हिडिओ त्याने पाहिले, तंबू त्याने मागवला. प्रत्यक्ष कॅराव्हान पार्कात (कॅराव्हान म्हणजे गाडीमागे जोडायची चाकांवरची खोली) पोचल्यावर साहेब सूचनांचा कागद दोन्ही हातांनी धरून उभे, कारण वारा असा की कागद सोडला तर जाईल. समोर समुद्र, त्यापलीकडे थेट अंटार्क्टिका, मधे वारा अडवायला कुणी नाही. आणि विजेचं कनेक्शन नसलेल्या त्या गवताच्या तुकड्याचं भाडं ऐकून मी दोनदा विचारलं, आत खोली पण आहे का हो?

तर मी खुंट्या ठोकत होते. एवढ्यात शेजारच्या कॅराव्हानमधून एक आजोबा आले. हाफ पँट, एका हातात घडीची खुर्ची, दुसऱ्यात बिअर, आणि त्या बिअरच्या बाटलीला चक्क स्वेटर. रिटायर झाल्यावर कॅराव्हान जोडून देशभर फिरणारी जी मंडळी इथे असतात, ग्रे नोमॅड, त्यांतले. त्यांनी आमच्या तंबूपासून चार पावलांवर खुर्ची उघडली, बसले, एक घोट घेतला आणि नवऱ्याला म्हणाले, "मेट, तिला सांग, खुंटी तिरकी मार. पंचेचाळीस अंशात."

तिला सांग. मी हाताच्या अंतरावर, हातोडा माझ्या हातात, आणि इंग्रजीत मी रोज ऑफिसात भांडते. पण नवरा वळला आणि मला म्हणाला, "अगं, तिरकी मार."

"आधी वाऱ्याकडची बाजू बांधायला सांग, मेट."

"अगं, आधी वाऱ्याकडची बाजू."

मी म्हटलं, "त्यांना विचार, स्वतः हात लावायला येताय का?"

नवरा हसून त्यांना म्हणाला, "शी सेज थँक यू."

मग आजोबांनी रस्त्याचा इतिहास काढला. हा रस्ता पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी बांधला, १९१९ ते १९३२, कडे फोडले ते कुदळ-फावड्याने. नवरा भारावून ऐकतोय, "रिअली? बाय हँड?" आणि मी त्याच्या बुटाशेजारी बाय हँडच ठोकतेय. अर्धा तास चाललं हे. शेवटी तंबू उभा राहिला, आजोबा उठले, नवऱ्याचा हात हातात घेऊन दणदणीत हलवला. "वेल डन, मेट!" आणि नवरा म्हणाला, थँक्स. नुसतं थँक्स. "हिने लावला" हे दोन शब्द इंग्रजीत काय फार अवघड आहेत?

दुसऱ्या दिवशी ट्वेल्व्ह अपॉसल्स बघितले, समुद्रात उभे असलेले खडकांचे सुळके. ते बारा नाहीतच. कधीच नव्हते, त्यात २००५ मध्ये एक कोसळला. तरी बोर्डावर ट्वेल्व्ह. जवळच लंडन ब्रिज म्हणून एक खडक होता, त्याचा किनाऱ्याकडचा भाग जानेवारी १९९० मध्ये पडला, पलीकडे दोन पर्यटक अडकले, त्यांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. त्याचं नाव मात्र आता लंडन आर्च केलंय. म्हणजे दुरुस्ती करता येते, करायची असली तर.

संध्याकाळी सार्वजनिक बार्बेक्यूवर पनीर भाजत होते (ही सोय खरंच छान आहे, फुकट, बटण दाबलं की तवा गरम), तर एक कूकाबुरा आला (इथला पक्षी, ओरडतो ते माणूस हसल्यासारखं), सरळ एक तुकडा उचलला आणि झाडावर बसून हसला. त्याचा राग नाही आला. निदान माझ्याकडे बघून हसला.

रात्री नवऱ्याने फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. तंबूसमोर तो, कमरेवर हात. नणंदेचा मेसेज, "दादा, एकट्याने लावलास??" याने अंगठा पाठवला. मग सासूबाई: "दमला असशील रे. तिला सांग, काहीतरी गरम करून दे."

परत तेच, तिला सांग!

निघायच्या सकाळी मी जाहीर केलं की तंबू तू काढायचास, आणि चहा घेऊन बाकड्यावर बसले. खांब निघाले, कापड निघालं, पण घडी काही पिशवीत जाईना. आजोबा आलेच, खुर्चीसकट. थोडा वेळ बघत राहिले आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, थेट माझ्याशी बोलले.

"जरा मदत कर की त्याला, लव्ह. एकट्या माणसाचं काम नाही ते."

तंबू अजून डिकीत गोळा होऊन पडलाय, ओला. वास येतोय. मी हात लावणार नाहीये.